फोडणीचा भोंगा

माझ्या मायचा उजवा हात कोपरात वाकडा होता. तो कुणी मोडला हे साऱ्या टोलीला माहीत होतं. का मोडला, ते फक्त मला माहीत आहे असं मी पुष्कळ वर्षं धरून चालले होते.

आम्ही भंडाऱ्याकडचे ढिवर, मासे धरणारे. तलावाच्या पाळीवर आमची दहा-बारा कौलारू घरं होती आणि त्या वस्तीला सगळे टोली म्हणायचे. घरात दोन खोल्या, मागे पडवी, पडवीत जाळी टांगलेली. ओल्या जाळ्याचा वास मला अजून अंगात असल्यासारखा वाटतो. पहाटे पहिला आवाज जाळ्याच्या शिशाच्या गोळ्यांचा, बा जाळं खांद्यावर टाकायचा तेव्हा त्या एकमेकींवर आपटायच्या. दुसरा आवाज उखळाचा, माय वाळलेले झिंगे कुटायची. झिंग्यांची चटणी, लाखोरीच्या डाळीचं वरण आणि भात, एवढं असलं की आम्ही राजे. बा डोंग्यावर उभा राहून जाळं फेकायचा तेव्हा पाळीवर लोक बघत उभे राहायचे. आणि तो घरी यायचा तेव्हा तेच लोक आपापली दारं लावून घ्यायचे. तो कशानंही मारायचा. वहाणेनं, सरपणानं, एकदा तर जिवंत मरळ मासाच शेपटीला धरून मायच्या तोंडावर मारला. मासा आधी मेला. ही गोष्ट टोलीत हसून सांगायचे आणि मायसुद्धा हसायची. मी चौथीपर्यंत शिकले, पण हसण्याचं ते कारण मला शाळेनं सांगितलं नाही.

मी नऊ वर्षांची होते आणि सुमी, माझी बहीण, तीन वर्षांची. माघातली दुपार होती. बा मासे घेऊन बाजाराला गेला होता. मायला ताप होता, म्हणून ती आतल्या खोलीत सुमीला कुशीत घेऊन पडली होती. तिनं मला चुलीतले निखारे घमेल्यात काढून उशाशी ठेवायला सांगितले. मी ठेवले. ती म्हणाली, "वरचा झरोका उघडा राहू दे वो पोरी. दारही थोडं लोटूनच ठेव." मी हो म्हटलं. मग गारा पडायला लागल्या. कौलांवर अशा आपटत होत्या, जणू कुणीतरी वरून खडी ओतत आहे. झरोक्यातून गारा आत यायला लागल्या, सुमीच्या अंगावर पडल्या, ती किंचाळली. मी कोपऱ्यातलं रिकामं पोतं घेतलं, खाटेवर चढले आणि झरोक्यात कोंबलं. निखारे लाल झाले होते, धूर अजिबात नव्हता. जिथं धूर नाही तिथं झरोका कशाला हवा, असं मला वाटलं. सुमी गप्प झाली. मी दार ओढून घेतलं आणि बाहेर पळाले, कारण टोलीतली सगळी पोरं फ्रॉकच्या ओच्यात गारा गोळा करत होती.

किती वेळ खेळले, माहीत नाही. परत आले तेव्हा घरात काही आवाज नव्हता. माय ओकारीत पडली होती, डोळे अर्धे उघडे. सुमी तिच्या हाताशी झोपल्यासारखी. गाल लाल. मी आधी काय केलं ते लिहिते, कारण तेवढ्यासाठीच ही वही घेतली आहे. मी आधी त्यांना हात लावला नाही. आधी खाटेवर चढले, झरोक्यातून पोतं उपसलं, नेऊन धानाच्या कणगीत खोल दाबलं. मग ओरडले.

बायकांनी मायला ओढत पडवीत आणलं. गार वारा लागल्यावर ती हलायला लागली. सुमी नाही हलली. तेवढ्यात बा आला. त्यानं सुमीला बघितलं आणि पडवीतलं वल्हं उचललं. माय बसूही शकत नव्हती. "निखारे घरात घेऊन निजली? तुले समजत नव्हतं? माही पोरगी खाल्ली तुनं!" प्रत्येक शब्दाला एक. टोलीतली एक म्हातारी दुरून ओरडत होती, "मरून जाईल ना रे ते!" पण मध्ये कुणी गेलं नाही. मायनं तोंडावरचा वार हातावर घेतला तेव्हा वाळकी काडी मोडावी तसा आवाज झाला. माझ्या ओच्यात अजून गारा होत्या. त्या वितळून पायांवर पाणी येत होतं. मी तोंड उघडलं नाही. त्या दिवशी नाही, बा मेला तेव्हा नाही, माय मेली तेव्हाही नाही.

एवढं झाल्यावर आता बर्फाचं लिहिते.

माझा नवरा गरीब स्वभावाचा माणूस होता, त्यानं माझ्यावर कधी हात टाकला नाही. मला वाटलं, बा संपला. पण बा एक पिढी ओलांडून माझ्या मुलात, संदीपमध्ये आला. संदीप नागपूरला इंजिनीअर झाला, पुढचं शिकायला अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावी आला, तिथंच नोकरी धरली. नवरा गेल्यावर मीही इथंच राहायला आले. सून गौरी पुण्याची. ती घरून काम करते, कानात यंत्र घालून दिवसभर बोलते. त्यांची इरा सहा वर्षांची, नील तीन. पोरं मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देतात. संदीप गौरीला मारत नव्हता. तो ताट भिंतीवर मारायचा, दार मारायचा, आणि बोलताना तिचं मनगट धरायचा. धरलेलं मनगट मी ओळखते. मी बघायचे आणि भाजी चिरत राहायचे.

आमच्या स्वयंपाकघराबाहेर छताला एक पांढरा डबा आहे, धूर झाला की बोंबलतो. अमेरिकेत तो सगळ्यांकडे असतो. पण अमेरिकेत सगळे मोहरी-हिंगाची फोडणी देत नाहीत. आमच्याकडे तेल तापलं की तो बोंबललाच. आमच्या घरात त्याचं नाव फोडणीचा भोंगा. आधी गौरी त्याला अंघोळीची प्लॅस्टिकची टोपी घालायची, मग तिनं सरळ बॅटरी काढायला सुरुवात केली. इराला तर खेळच झाला. मी मोहरी टाकली की ती स्टूल ओढत आणायची, "आजी, भोंगा टाइम!" मी तिला कमरेला धरून उभी करायचे, ती बॅटरी काढून माझ्या हातात द्यायची. बॅटरीची जागा मसाल्याच्या डब्यात, मेथीच्या वाटीशेजारी. जेवण झाल्यावर परत लावायची, आठवण राहिली तर. संदीप त्यावरून गौरीला फाडून खायचा. "सतरा वेळा सांगितलंय, बॅटरी काढू नकोस!" मी तेव्हाही भाजी चिरत होते, आणि बॅटरी अर्ध्या वेळा माझ्याच ओट्यावर असायची.

शेजारी डेल नावाचा म्हातारा राहतो, माझ्याच वयाचा, बायको गेलेली. मी मागच्या दाराशी मासा साफ करत होते ते त्यानं कुंपणावरून बघितलं. सुरी एकदा फिरली की खवले एकीकडे, आतडं एकीकडे. तेव्हापासून तो मला मान देतो. हिवाळ्यात तासाभरावरचं एक तळं गोठतं, त्यावर तो तंबू ठोकून मासे धरतो. बर्फाला गिरमिटानं भोक पाडायचं आणि त्यातून गळ सोडायचा. म्हणाला, पोरांना घेऊन चला, आजीलाही. संदीपला लगेच हौस. त्यानं तंबू घेतला, गॅसच्या सिलिंडरवर चालणारा हीटर घेतला.

डेलनं निघायच्या आधी आमच्या बैठकीत बसून सगळं सांगितलं आणि संदीपनं मला मराठीत सांगितलं. हीटर बर्फावर ठेवायचा नाही, फळीवर ठेवायचा, नाहीतर खालचा बर्फ वितळून तो कलंडतो. त्याच्याभोवती दोर टाकायचा आणि दोराच्या आत पोरांनी पाय घालायचा नाही, इथल्या फुगीर कपड्यांना ठिणगीसुद्धा पुरते. सिलिंडर बदलायचा तर बाहेर. पोरं आत असताना एक मोठं माणूस जागं हवं. आणि तंबूची वरची खिडकी एक वीत आणि खालचा पडदा एक वीत, कितीही गारठा असला तरी उघडा. शेवटी त्यानं खिशातून एक लहान डबा काढला, पोरं बसतात त्या उंचीवर टांगायला. म्हणाला, ज्या गॅसला वास नाही, रंग नाही, त्याला हा ओळखतो. हा ओरडला की विचार करायचा नाही, पोरांना उचलून बाहेर. संदीप मला म्हणाला, "आई, कळलं ना?" मी म्हटलं, "कळलं रे. मला शिकवतो का?" खरंच कळलं होतं. सुमीचं मला कळलं नसेल तर कुणाला कळणार?

तळ्यावर वारा असा होता की डोळ्यांतलं पाणी गालावर थिजत होतं. पायाखाली बर्फ मधूनच कण्हायचा, खोल, म्हशीसारखा. डेल म्हणाला, तो जाड होताना बोलतो, भिऊ नका. सकाळी मला तीन मासे लागले. गळ काढायचा, माशाला बर्फावर दाबायचं, डेलनं दिलेल्या लाकडी दांडक्यानं डोक्यात एक हाणायचा. एकच. इरा म्हणाली, "आजी, दॅट्स सो मीन." मी म्हटलं, "दोन मारले तर मीन. एक मारला तर उपकार." बर्फावर रक्त सांडलं की ते पसरत नाही, जिथल्या तिथं गोठतं. मला ते आवडलं, धुवायला नको.

दुपारी संदीप आणि डेल लांब लावलेले गळ बघायला गेले. त्या गळांना लहान झेंडे असतात, मासा लागला की झेंडा उभा राहतो. गौरी नीलचे सुके कपडे आणायला किनाऱ्यावरच्या गाडीकडे गेली. तंबूत मी, इरा, नील आणि हीटर. वारा फिरला आणि वरच्या खिडकीतून बारीक बर्फ आत यायला लागला. नीलच्या मानेवर पडला. तो किंचाळला, "आजी, कोल्ड! आजी!" मी खिडकी लावली. खालचा पडदा बुटानं दाबला.

लोक विचारतात, तुम्हाला माहीत असून? गौरीनं विचारलं, डेलनं विचारलं. मी काय सांगू? माहीत होतं ते निखाऱ्यांचं. हा दुकानातून आणलेला हीटर, जाळी लाल, धूर नाही, काजळी नाही. आणि खरं सांगायचं तर मी एवढाही विचार केला नाही. जे माहीत असतं ते डोक्यात राहतं. हात पोराच्या रडण्यावर चालतात. नऊ वर्षांच्या पोरीचे हात आणि एकाहत्तर वर्षांच्या बाईचे हात, तेच.

तंबू उबदार झाला. पोरांना भूक लागली. मी घरून थालीपिठं आणली होती आणि थोडे वाळलेले झिंगे. लहान तवा हीटरच्या जाळीवर टेकवला, त्यात तेलाचं बोट फिरवून झिंगे टाकले. वास सुटला आणि डबा बोंबलला. इरा टुणकन उठली. "आजी, भोंगा टाइम!" आम्ही दोघी हसलो. तिला कमरेला धरायचीही गरज नव्हती, डबा तिच्या डोक्याएवढ्याच उंचीवर होता. तिनं मागचं झाकण सरकवलं, बॅटरी काढली, माझ्या तळहातावर ठेवली. मसाल्याचा डबा नव्हता, म्हणून मी ती कोटाच्या खिशात टाकली. शांत झालं. आम्ही झिंगे खाल्ले.

मग इरा म्हणाली, डोकं दुखतंय. मी म्हटलं, जास्त हसलीस. नील माझ्या मांडीवर झोपला. माझ्याही कपाळावर कुणी हातोडी मारत होतं, मला वाटलं वाऱ्यानं. इरानं माझ्या बुटांवर ओकारी केली. मी तिचं तोंड पुसायला वाकले, नीलची मान कलली आणि हात मांडीवरून खाली पडला, पडला तो तसाच राहिला. गाल लाल. मी तो हात ओळखला.

मी उठले तर पाय नव्हतेच. तंबूच्या दाराची चेन शोधत बसले असते तर आम्ही तिघंही तिथंच राहिलो असतो. मासे चिरायची सुरी हाताशी होती, मी ती तंबूच्या भिंतीत घातली आणि खाली ओढली, माशाचं पोट फाडतात तशी. नीलला कोटाला धरून बाहेर फेकला. हो, फेकला. इराला केसांना धरून ओढलं, ती ओरडत होती आणि तिचं ओरडणं ऐकून मला बरं वाटत होतं. नील ओरडत नव्हता. मी त्याचा कोट फाडून उघडला आणि त्या वाऱ्यात त्याच्या तोंडात मारली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जोरात. चौथ्याला तो खोकला, ओकला आणि रडला.

डेल आणि संदीप पळत आले, गौरी किनाऱ्याकडून. डेल फोनवर मदत मागत होता. त्यानं पोरांना गोधडीत गुंडाळून बर्फावर सामान ओढायच्या घसरगाडीवर ठेवलं. संदीप फाटक्या तंबूतून डोकावला, डबा ओढून काढला. मागचं झाकण उघडं, आत जागा रिकामी. त्यानं गौरीकडे बघितलं आणि मला त्याच्या तोंडावर बा दिसला.

"काढलीस ना? इथंपण काढलीस ना बॅटरी?"

"मी नाही, संदीप. मी गाडीकडे होते, मी हातसुद्धा..."

"सतरा वेळा सांगितलं तुला! माझी पोरं मारायला निघालीस!"

त्यानं तिला जाकिटाच्या गळ्याला धरून ढकललं. ती तोंडावर पडली, ओठ फाटला, बर्फावर रक्ताचा ठिपका पडला आणि पसरला नाही. डेल ओरडत आमच्याकडे यायला लागला, पण घसरगाडीवरच्या पोरांना सोडता येईना. संदीपनं मुठीत डबा तसाच धरून हात वर उचलला. बॅटरी माझ्या खिशात होती. माझं तोंड बंद होतं. एक क्षण म्हणून लिहिणार होते, पण एक नव्हता. तीन-चार होते. त्या तीन-चार क्षणांत मी एवढाच विचार केला, की कुणाला कळणार नाही.

मग मी दांडकं उचललं आणि त्याच्या मनगटावर हाणलं. एकच. ढिवराची पोर आहे, नेम चुकत नाही. तोच आवाज आला. वाळक्या काडीचा.

तो गुडघ्यांवर बसला. मी खिशातून बॅटरी काढून त्याच्या नाकासमोर धरली. "मी काढली. खिडकी मी लावली, पडदा मी लावला. तिचं काही नाही. उठ, मारायचं असेल तर मला मार." तो उठला नाही. गौरी तोंडाला हात लावून माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत आभार वगैरे काही नव्हतं. तिची पोरं मी मारत आणली होती. तिनं मला तेव्हा माफ केलं नाही आणि आता केलंय की नाही, मी विचारत नाही.

हॉस्पिटलात पोरांच्या तोंडाला प्राणवायू लावला. मलाही. संदीपच्या हाताला प्लॅस्टर घातलं. एक डॉक्टरीण आली. गौरीला त्यांनी दुसऱ्या खोलीत नेलं, एकटीला. माझ्यासाठी फोनवर एक मराठी बाई लावली, ती ऐकून ऐकून तिकडे इंग्रजीत सांगत होती. आवाज तरुण होता. तिनं विचारलं, "आजी, मुलाचा हात कसा मोडला?" संदीप पलीकडच्या खुर्चीवरून म्हणाला, "बर्फावर घसरलो." मी म्हटलं, "मी मारलं. त्यानं बायकोला पाडलं म्हणून मारलं. दोन्ही लिहून घ्यायला सांग." मग ती म्हणाली, "डॉक्टर विचारतायत, हा गॅस आहे हे तुम्हाला कसं कळलं? आणखी थोडा वेळ गेला असता तर..." मी म्हटलं, "माझी बहीण अशी गेली. सुमी. झरोक्यात पोतं मी कोंबलं होतं." एवढ्या वर्षांत ते नाव मी पहिल्यांदा मोठ्यानं घेतलं. संदीपला माहीतच नव्हतं की त्याला एक मावशी होती.

पोरं वाचली. इराचं डोकं आठवडाभर दुखत होतं. संदीप पुढचे काही महिने दुसरीकडे राहिला, गौरीनं सांगितलं म्हणून. रागाच्या माणसांसाठी वर्ग असतो इथं, तिथं जातो. सुधारतो की नाही ते बघू, मी हमी देत नाही. आता फोडणी दिली की भोंगा बोंबलतो आणि बॅटरीला कुणी हात लावत नाही. खिडक्या उघडतो आणि तो गप्प होईपर्यंत बर्फाच्या वाऱ्यात उभे राहतो.

मध्ये एका रविवारी संदीप पोरांना भेटायला आला होता. मी तांदूळ निवडत होते. तो बराच वेळ माझ्या हातांकडे बघत बसला. हाताचं प्लॅस्टर काढलं होतं, मनगट जरा वाकडंच बसलं आहे.

"आई, आजीला कधी कळलं नाही ते? पोत्याचं?"

मी सांगितलं, जे डोळ्यांनी बघूनही मी पुष्कळ वर्षं न बघितल्यासारखं धरलं होतं ते. सुमीला पुरून आठ-दहा दिवस झाले होते. माय एका हातानं कणगीतून धान काढत होती, दुसरा हात फळ्यांमध्ये बांधलेला. मी दारात होते. तिचा हात खोल गेला आणि थांबला. तिनं पोतं बाहेर ओढलं. ते अजून ओलं होतं आणि त्याला चिकटलेल्या दाण्यांना पांढरे कोंब फुटले होते. तिनं पोत्याकडे बघितलं, वर झरोक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. बा पडवीत बसून जाळं विणत होता. दहा पावलांवर.

"मग काय म्हणाली?"

"म्हणाली, धानाले कोंब आले."

तिनं पोतं बाहेर नेलं, झटकलं आणि बाच्या समोरून जाऊन कुंपणावर वाळत घातलं.